भावांचा बाक

साहेबांच्या फायलींना खोबरेलाचा वास यायचा. नगरच्या कोर्टात ही गोष्ट पट्टेवाल्यापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. दाव्याच्या कागदावर, वकीलपत्रावर, कधी साक्षीच्या नकलेवरसुद्धा अंगठ्याएवढा तेलकट डाग असायचा. कागद उजेडाकडे धरला की त्यातून पलीकडचं दिसायचं. नव्यानं बदलून आलेल्या कारकुनाला वाटायचं, हे वकील भजी खात खात कागद वाचतात. तसं नव्हतं. साहेब रोज सकाळी बायकोची वेणी घालून कोर्टात यायचे.

त्यांचं घर भिंगारला. पुढं पत्र्याची पडवी, मागं लष्कराच्या हद्दीची भिंत. पडवीत दोन वस्तू: पक्षकारांसाठी सतरंजी आणि भिंतीला लावलेला एक लाकडी बाक. वकिली शिकायला मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी आक्का उंबऱ्यात पाठमोऱ्या बसल्या होत्या. साहेब पांढरा शर्ट, काळी पँट अशा कोर्टाच्या कपड्यांत त्यांच्या मागं स्टुलावर बसून केसांचे तीन पेड सारखे करत होते. सतरंजीवर कोणी एक म्हातारा आपल्या बांधाचं रडगाणं गात होता आणि साहेब वेणीवरची नजर न काढता त्याला प्रश्न विचारत होते.

मला म्हणाले, "कुठले?"

"राहात्याचा, सर."

"बरं झालं. राहातेकर, ही पिन धरा."

माझी वकिली अशी पिन धरून सुरू झाली. पुढची सगळी वर्षं मी 'राहातेकर'च राहिलो. साहेब कोणालाच आडनावानं हाक मारत नसत. कोण पारनेरकर, कोण शेवगावकर, चहावाला पोरगा जामखेडकर. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "आडनाव विचारलं की माणूस संपतो हो. गाव विचारलं की सुरू होतो." ते स्वतः भिंगारच्या जुन्या बौद्ध वस्तीतले. वडील लष्कराच्या गोदामात हमाल होते. आडनाव विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं असणार. पण त्यावर ते कधी भाषण देत नसत. गाव विचारत, इतकंच.

आक्कांचे हात संधिवातानं गेले होते. बोटं आत वळली होती, मूठ पुरती मिटत नव्हती आणि उघडतही नव्हती. लांब केसांची त्यांना हौस. कापून टाका म्हटलं असतं तर त्यांनी कापलेही असते, पण साहेबांनी ते म्हटलं नाही. ते शेजारणीकडे जाऊन वेणी शिकले. त्यांची मुलगी सुजाता सांगायची, सुरुवातीला अण्णा, म्हणजे साहेब, तिच्या बाहुलीवर सराव करायचे आणि बाहुलीचं टक्कल पडलं. सरकारी वकिलीसाठी त्यांना दोनदा विचारणा झाली. दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला. आम्हाला वाटायचं, तत्त्वासाठी. खरं कारण त्यांनी बार रूममध्ये मोठ्यानं सांगितलं, "सरकारी वकिलाला अकराच्या ठोक्याला उभं राहावं लागतं. माझी वेणी तोवर होत नाही."

एकदा भर कोर्टात न्यायाधीशांनी त्यांची फाईल उघडली आणि आतून एक केसाची पिन उचलून दाखवली. "वकीलसाहेब, हा पुरावा आहे काय?"

"नाही सर. तो घरचा ऐवज आहे. परत मिळावा."

सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी पुढं होऊन पिन घेतली, कोटाच्या खिशात ठेवली आणि युक्तिवाद जिथं सोडला होता तिथून उचलला. त्या हसण्यानं त्यांचा एक शब्दही इकडचा तिकडं झाला नाही. मी मात्र त्यांच्या मागं उभा राहून लाजलो होतो. हे आता लिहितानाही मला बोचतं. माझ्या लाजण्यासारखं तिथं काय होतं?

त्यांची निम्म्याहून अधिक कामं फुकट असत. राजूरच्या बाजाराच्या दिवशी महिन्यातून एकदा ते एसटीनं जायचे आणि भाजीवाल्यांच्या रांगेत पोत्यावर बसायचे. डोंगरातली माणसं मिरच्या-वाल विकून झाल्यावर त्यांच्यापुढं येऊन उकिडवी बसत. एका वर्षी शेजारच्या लसूणवालीनं तक्रार केली, "ह्यांच्याम्होरं लई गर्दी व्हती, माझं गिऱ्हाईक दिसंनासं होतं." त्यावर साहेब तिचा लसूण निवडून देत देत सल्ले देऊ लागले. माझी ताई राजूरलाच दिलेली. तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान आहे. माझ्याकडून ते कळल्यापासून साहेब परतीच्या गाडीआधी तिच्याकडे चहाला थांबत. मला येऊन सांगत, "तुझी बहीण चांगली आहे. पण बोलत नाही. चहा छान करते." ताई घरात कधीच फार बोलली नाही. आम्हाला ते तिचं वळण वाटायचं.

आता त्या बाकाचं सांगतो.

आमच्या भागात बाप गेला की सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींची नावं लागतात. मग राखी पौर्णिमेला नाहीतर भाऊबीजेला बहिणी माहेरी येतात, आणि त्यांना साडी नेसवून तसंच निबंधकाच्या कचेरीत नेलं जातं. हक्कसोडपत्रावर सही. माझा जमिनीवर हक्क नाही, मी तो राजीखुशीनं सोडते. बहिणी सही करतात, कारण सही केली नाही तर माहेर तुटतं. कागद करणारा वकील विचारतो, "राजीखुशीनं ना?" आणि भाऊ म्हणतो, "व्हय, व्हय."

साहेब असा कागद तसा कधीच करत नसत. त्यांची अट असे: बहिणीला घेऊन घरी यायचं. बहीण आत जाईल, भाऊ पडवीतल्या बाकावर बसतील. आक्कांचे हात चांगले होते तेव्हा त्या आलेल्या बाईला तेल लावून वेणी घालून देत, आई घालते तशी. हात गेल्यावर उलटं झालं. असा कोणी यायचा असला की साहेब त्या सकाळी वेणीला हात लावत नसत. आक्का मोकळ्या केसांनी बसून राहत आणि आलेल्या बाईला म्हणत, "माज्या हातात जीव न्हाई बाई. तेवढी येनी घालून देतीस का?" पाठमोऱ्या बाईशी बोलणं सोपं असतं. केस विंचरता विंचरता बायका बोलत. बाहेर भाऊ घाम पुसत बसत. कोणी विचारी, "वकीलसाहेब, किती वेळ? निबंधकाचा नंबर जाईल."

"आमच्या हिचे केस लांब आहेत," साहेब म्हणत.

शेवटी बाकावर चहा जाई. तो न्यायचं काम माझं. आणि त्या चहातच निकाल असे. बहीण सही करते म्हणाली असेल तर चहा नेहमीसारखा. नाही म्हणाली असेल तर आक्का वळल्या बोटांत चमचा धरून साखर जास्त घालत, चांगली चमचाभर वर. ही साहेबांची शिकवण. "वाईट बातमी ऐकणाऱ्याचं तोंड आधी गोड करावं. मग तो शिव्या जरा कमी देतो." भावांना यातलं काही माहीत नसे. ते गोड चहा पिऊन कप खाली ठेवत, आणि मग साहेब बाहेर येऊन हात जोडून सांगत, "बहिणीची इच्छा नाही. मी कागद करणार नाही. तुम्ही पुढं व्हा, लेक आज इथं राहील." कोणी बाकाला लाथ मारून गेलं, कोणी जातीवरून बोललं. एकानं तर बहिणीला तिथूनच ओरडून सांगितलं, "आजपासनं तू मेलीस आमाला!" साहेबांनी त्याचा राहिलेला चहा उचलून आत नेला.

त्या नकाराची किंमत त्यांना ठाऊक होती. ती त्यांना एका पाथर्डीकरणीनं शिकवली. वकिलीच्या सुरुवातीला त्यांनी तिचा दावा लढून जिंकला, वाटणी मिळवून दिली आणि खूश होऊन पेढे वाटले. पुढच्या नागपंचमीनंतर ती बाई भिंगारला आली आणि पायरीवर बसली. म्हणाली, "जमीन मिळाली, साहेब. पर औंदा मुराळी आला न्हाई." माहेरून लेकीला सणाला न्यायला येतो तो मुराळी. तिला न्यायला आता कोणी येणार नव्हतं.

साहेब त्यावर बराच विचार करत राहिले असावेत. कारण पुढच्या वैशाखात, कोर्टाला सुट्टी लागल्यावर, ते एसटीत बसून तिच्या सासरी गेले. त्यानंतर ती दरवर्षीची रीत झाली. त्यांच्या घरी बुद्धपौर्णिमेला खीर असायची आणि ज्या लेकींचं माहेर त्यांच्या नकारानं किंवा दाव्यानं तुटलं होतं त्या सगळ्या खिरीला यायच्या. बहुतेक जणी एकेकट्या येत. पण जिचं पहिलंच वर्ष असेल तिला आणायला साहेब स्वतः जात.

एका वर्षी मीही बरोबर होतो. शेवगावकडचं गाव, भर उन्हात साहेब काळा कोट घालून निघाले. मी म्हटलं, "साहेब, कोट कशाला?" म्हणाले, "मुराळ्यानं नीट कपडे करून जावं. लेकीची मान वर राहते." दारात तिची सासू बसली होती, तूर पाखडत.

"कोन पावनं?"

"मुराळी आलोय. लेकीला न्यायला."

सासूनं सूप खाली ठेवलं. "तिचा भाऊ तर येत न्हाई म्हनं आता. तुमी कोन?"

"भिंगारचा."

"आडनाव काय तुमचं?"

आता साहेब काय करतात ते मी पाहत होतो. त्यांनी आडनाव सांगितलं, सरळ, कोर्टात सांगावं तसं. म्हातारीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कोटाकडे आणि एकदा आत, जिथं सून दाराआड उभी होती. मग सूप परत उचलत म्हणाली, "पिशवी भर गं. शेंगा घाल वाईच. मानूस न्यायला आलंय, मोकळ्या हातानं जाऊ नगं."

त्या वर्षी आम्हाला पाणी मिळालं, चहा मिळाला नाही. परतताना मी ते बोलून दाखवलं. साहेब म्हणाले, "पहिल्या वर्षी सोयऱ्यांच्यात थोडं मानपान चालायचंच." दुसऱ्या वर्षी ती सून एकटीच आली, बरोबर सासूनं दिलेली तुरीची डाळ होती आणि निरोप होता की साहेब इकडं आले तर त्यांनी चहा घेतल्याशिवाय जाऊ नये.

पौर्णिमेला ते घर बघण्यासारखं असे. सुजाता पातेल्यातली खीर ढवळतेय, बायका एकमेकींना तेल लावतायत, आक्का मधोमध बसून सगळ्यांना दटावतायत. साहेब स्वतःच्याच घरात अंग चोरून वावरत आणि पंगतीत वाढपी होत. म्हणत, "मी कायद्यानं यांचं माहेर घालवलं. निदान जेवायला तरी वाढू दे."

बाकाबद्दल ते मला एकदा बोलले होते. संध्याकाळी कोणी नव्हतं आणि मी सहज त्या बाकावर टेकलो. ते म्हणाले, "ऊठ. अजून तुझी वेळ यायची आहे." मी हसलो. म्हटलं, "आमच्या घरी तसं नाही, साहेब. आम्ही शिकलेली माणसं." ते हसले नाहीत. "राहातेकर, या बाकावर बसलेला प्रत्येक भाऊ घरून हेच म्हणून निघालेला असतो."

पुढं मी माझी स्वतंत्र वकिली सुरू केली. आता माझं कोर्टाजवळ ऑफिस आहे, कॉम्प्युटर आहे. हक्कसोडपत्राचा मसुदा त्यात तयार असतो. नावं आणि गट नंबर बदलायचे. राखीच्या दिवसांत बहिणी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नव्या साड्यांत बसतात आणि भाऊ बोलतात. मी विचारतो, "राजीखुशीनं ना?" आणि उत्तर कोण देतं ते पाहत नाही. साहेबांना हे कळलं असणारच. ते भेटले की कामाचं काही विचारत नसत, फक्त म्हणत, "ताईकडं गेलता का?" मी म्हणायचो, "वेळ कुठं मिळतो, साहेब."

दोन वर्षांपूर्वी ते गेले. भिंगारच्या स्मशानात पांढऱ्या साड्यांतल्या बायकांची रांग होती आणि मागं, जरा अंतर ठेवून, मी ओळखत होतो असे काही पुरुष उभे होते. ते कधीतरी त्या बाकावर बसलेले भाऊ होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

यंदा आमचे वडील गेले. पेरूची बाग, थोडी उसाची जमीन. दिवस झाले, नावं लागली. थोरला दादा शेती बघतो. त्याचा फोन आला. "ताई यील राखीला. तवाच उरकून घेऊ. कागद तू कर, घरचा वकील हाय म्हनल्यावर भाईर कशाला जायाचं?" मी बरं म्हणालो. मसुदा उघडला आणि त्यात माझ्या बहिणीचं नाव टाकलं. यात मला काही वाटलं नाही, हे मी कबूल करतो. हात सरावाचे होते.

ताई राजूरहून सकाळच्या गाडीनं नगरला आली. दादा राहात्याहून दुपारी थेट कचेरीत यायचा होता. ती माझ्या ऑफिसात त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. मी कागद पुढं ठेवला. तिनं पर्समधून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, वाचेल. तिनं कागद उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, "सही कुठं करायची तेवढं बोटानं दाखव."

मी बोट पुढं केलं. आणि ते कागदावर टेकेना. ताई वाट पाहत होती, पेन उघडून. तिच्या केसांतला भांग पांढरा झाला होता. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी भिंगारला फोन लावला. "आक्का, मी येतोय. बरोबर बहीण आहे."

आक्का म्हणाल्या, "ये. केस मोकळेच हायेत माजे."

रिक्षात ताई विचारत होती, "कुठं चाललोय? दादा कचेरीत यील ना." मी म्हटलं, "येईल. थांबेल." पडवीत सतरंजी नव्हती, बाक होता. सुजाता ताईला हात धरून आत घेऊन गेली. मी तिच्यामागं निघालो तर आक्कांनी आतूनच सांगितलं, "तू भाईर."

मी बाकावर बसलो. त्याच्या कडा घासून गुळगुळीत झाल्यात, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. माणसं बसल्या बसल्या तिथं हात घासत असणार. माझेही हात तिथंच गेले. आतून फणीचा आवाज, आक्कांचा एखादा शब्द. मग ताई बोलायला लागली. शब्द कळत नव्हते. पण ती थांबत नव्हती. माझी न बोलणारी बहीण भिंतीपलीकडे बोलत होती आणि मला तिचा आवाजच ओळखू येईना. खिशात दादाचा फोन वाजत होता. मी उचलला नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मला दोन्ही वाटत होतं: तिनं नाही म्हणावं, आणि तिनं सही करून सगळं सोपं करावं. बाकावरच्या भावांना हेच वाटत असेल का? मी त्यांना इतका चहा नेऊन दिला, कधी विचारलं नाही.

सुजाता चहा घेऊन आली. कप माझ्या हातात दिला आणि नजर न देता आत गेली. मी कप तसाच धरून बसलो. मग एक घोट घेतला.

चहा गोड होता. घशाला लागावा इतका गोड.

मी दुसरा घोट घेतला आणि डोळे पुसले. फोन पुन्हा वाजला. या वेळी उचलला.

"आरं कुठं हाईस? नंबर जाईल आपला!"

"दादा, नंबर जाऊ दे. कागद होणार नाही. ताईचं नाव राहणार."

"कोन म्हनतं?"

"ती म्हणते. मीही म्हणतो."

दादा जे बोलला ते इथं लिहीत नाही. तो वाईट माणूस नाही. त्याला कोणी चहा दिला नव्हता.

ताई बाहेर आली. तिच्या हातांना तेल होतं. बाकावर आजवर कधी कोणी बहीण बसली नव्हती. ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"चिडला का रे दादा?"

"चिडला."

"पंचमीला आता न्यायला यील असं वाटत न्हाई."

"मी येईन," मी म्हणालो. "कोट घालून येईन."

तिला कोटाचं काही कळलं नाही. तिनं माझ्या हातातला कप घेतला, उरलेला चहा प्यायली आणि तोंड वाकडं केलं. "अगं बाई, केवढा गोड! आक्कांचा हात थरथरतो वाटतं. साखर जास्त पडली."

कपाच्या कानावर तिच्या बोटांचं तेल लागलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर पडलीय."